मनाने तयार केलेल्या खुणा

मूल्यांकन समितीचा अहवाल आला तेव्हा मुलं जेवायला बसली होती. मुख्याध्यापक सरांनी आम्हा सगळ्या शिक्षकांना ऑफिसात बोलावलं आणि एकेक मुद्दा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आमची शाळा कर्णबधिर मुलांची, निवासी. जालन्याहून अंबडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. मागे मोसंबीची बाग, पुढे चहाची टपरी. मुलं जिल्हाभरातून येतात आणि उन्हाळ्याची सुट्टी सोडली तर वर्षभर इथंच राहतात.

पाण्याच्या टाकीला झाकण नाही, सरांनी वाचलं. श्रवणचाचणीच्या खोलीत रस्त्याचा आवाज येतो. मग ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हा मुद्दा तुमच्या वर्गाचा हाय, मॅडम."

मुद्दा असा होता: 'विद्यार्थी व शिक्षक प्रमाणित सांकेतिक भाषेऐवजी मनाने तयार केलेल्या खुणा वापरतात. विद्यार्थ्यांचा भाषाविकास असमाधानकारक आहे.' खाली श्रेणी होती, 'क'. आणि सुधारणा होईपर्यंत पहिलीत नवीन प्रवेश द्यायचे नाहीत, असा शेरा.

"अपील करता येतं," सर म्हणाले. "महिन्याच्या आत. टाकीचं झाकण मी उद्याच बसवून टाकतो. खोलीचं बघू. हे खुणांचं मात्र तुम्ही लिहा."

"पण सर, ते तर खरंच आहे," एक सहकारी म्हणाले. "आपल्या खुणा पुस्तकातल्या न्हाईतच."

  माझं डोकं एकाच शब्दाशी अडकलं होतं. मनाने. कुणाच्या मनाने? माझ्या तर नक्कीच नाही. मी या शाळेत लागले तेव्हा मला एकही खूण येत नव्हती. आमच्या प्रशिक्षणात सगळा भर मुलांना ओठ वाचायला आणि आवाज काढायला शिकवण्यावर होता. हात हलवू द्यायचे नाहीत, असंच सांगायचे. इथं आले आणि पहिल्या आठवड्यातच कळलं की वर्गात मी बोलते तेवढ्यापुरती मुलं माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी फळ्याकडे वळले की पाठीमागे जोरात गप्पा सुरू होतात. त्या गप्पा कळाव्यात म्हणून मी त्यांच्याकडून खुणा शिकले. माझं नावही त्यांनीच ठेवलं. माझं घड्याळ मनगटावर सैल असायचं आणि मी ते सारखी फिरवायची. मुलांत माझं नाव तेच: मनगटावर घड्याळ फिरवणं. सरांचं नाव खिशातला पेन चाचपणं. गावांनाही खुणा होत्या. बदनापूर म्हणजे रेल्वेचं फाटक खाली येतं तसा हात. वडीगोद्री म्हणजे ट्रकचं स्टिअरिंग. जालना म्हणजे लोखंडाच्या कारखान्यातल्या ठिणग्या, दोन्ही हातांची बोटं फुटल्यासारखी उडवायची. या सगळ्या मला आयत्या मिळाल्या. केल्या कुणी, हे मी कधी विचारलं नव्हतं.

समिती आली त्या दिवशीचा प्रसंग मला स्पष्ट आठवत होता. समितीतल्या एका बाईंनी प्रमाणित खुणांचं थोडं शिक्षण घेतलेलं होतं. त्यांनी माझ्या वर्गातल्या एका मुलीला विचारलं, रविवारी काय केलंस? 'रविवार'साठी त्यांनी केलेली खूण मुलीला कळली नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. मी आमची खूण केली: ओठांवर चिमूट धरून मिशीला पीळ. मुलीचा चेहरा खुलला. तिनेही मिशीला पीळ दिला आणि सांगायला लागली. रविवारी आष्टीहून तिचा भाऊ भेटायला आला होता, निघताना मोबाइल विसरला, वसतिगृहाचे अधीक्षक एसटीच्या मागं धावले, त्यांची चप्पल रस्त्यात राहिली, ती हिने उचलून आणली. सगळं हातांनी, चेहऱ्याने, खांद्यांनी.

बाईंना दिसलं ते एवढंच, की दोन वेण्या घातलेली मुलगी मिशीला पीळ देतेय. "काय म्हणतेय ही?" त्यांनी विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाकीचे दोघं स्वयंपाकघर बघायला निघाले आणि बाई त्यांच्यामागे गेल्या.

आता अपील लिहायला बसले तर मला पहिला प्रश्न हाच पडला. रविवार म्हणजे मिशी का?

त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, मोठ्या मुलींनी शिकवलं. दहावीच्या मुलींना विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्या आधीच्या मुलींनी. आमच्यातले सगळ्यांत जुने शिक्षक म्हणाले, "मी आल्तो तवापासून तसंच हाय." मुलींच्या वसतिगृहातल्या काळजीवाहक मावशींनी भाजी निवडता निवडता उत्तर दिलं, "रविवारी गावाकडनं बाप भेटायला येतेत ना. बापाला मिशी असती. म्हणून आसंल."

मला ते इतकं पटलं की मी ते अपिलात लिहूनही टाकणार होते. पण मनात आलं, आया पण येतात की भेटायला. मग मिशीच का? आणि ज्या शाळेला 'मनाने तयार केलेलं' म्हणून शेरा मिळालाय, तिने उत्तरही मनानेच तयार करून द्यावं, हे काही बरोबर वाटेना.

आमची एक माजी विद्यार्थिनी बदनापूरला राहते. स्टेशनजवळ तिचं शिवणकामाचं दुकान आहे; नवराही कर्णबधिर, पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेतला. रविवारी मी जालन्याहून रेल्वेने गेले. तिच्या सासूबाईंनी चहा ठेवला. मी तिला मिशीचं विचारलं. तिला माहीत नव्हतं. तिच्या वेळीही ती खूण जुनीच होती. मग तिने विचारलं, एकदम हे कशाला? मी पर्समधून अहवालाचं पान काढून दिलं. तिने ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं.

"खरं लिहिलंय," ती खुणेनं म्हणाली.

मी गारच झाले. माझ्या बाजूने बोलेल, अशा खात्रीने मी गेले होते.

"शाळा संपल्यावर मी औरंगाबादला शिवणाच्या कोर्सला गेल्ते," ती सांगायला लागली. "तिथं सगळीकडची बहिरी मुलं होती. ती आपसात फटाफट बोलायची. मी बोलायला लागले की थांबायची, एकमेकांकडे बघायची. मी रविवार म्हटलं की हसायची. मला पुन्हा पहिलीत बसवल्यासारखं झालं. शाळेने ती भाषा का नाही शिकवली?"

"मलाच येत नव्हती," मी म्हटलं.

"मग आता शीक."

इतकं सरळ सांगितलं तिने, की मला हसू आलं. मी विचारलं, "मग आपली भाषा वाईट, असं म्हणायचं का?"

आता ती चिडली. कात्री बाजूला ठेवून दोन्ही हात मोकळे केले. "वाईट कोण म्हणालं? नवऱ्याशी बाहेरच्या खुणांनी बोलते. पण भांडते ना, तेव्हा आपल्याच खुणांनी भांडते. त्याला निम्मं कळत नाही, म्हणून जास्त राग येतो त्याला."

सासूबाईंना आमचं काही ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता, पण सुनेचे हात ज्या वेगाने चालले होते ते बघून त्या म्हणाल्या, "भांडण झालं का काय तुमचं?"

शाळेच्या पहिल्या तुकडीतला एक माणूस आष्टीला आहे, त्याला माहीत असेल, असं तिनेच सुचवलं आणि तिथल्या तिथं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पिकलेल्या केसांचा माणूस दिसला. मी मिशीला पीळ देऊन 'का?' विचारलं. तो हसला, सांगायला लागला, पण त्याचे हात पडद्याच्या चौकटीबाहेर जात होते. शेवटी त्याने हात झटकले. "इकडं ये. इथं सांगतो."

पुढच्या सुट्टीला मी परतूरमार्गे आष्टीला गेले. बाजाराच्या कडेला त्याचं मोटार भरण्याचं दुकान होतं. जळालेल्या पाण्याच्या मोटारींचा ढीग, आणि त्यात तांब्याची तार गुंडाळत बसलेला तो. त्याने तार खाली ठेवली, स्टूल पुसून दिलं आणि सांगितलं ते असं.

त्याच्या वेळी वर्गात हाताची घडी घालून बसायचं. हात हलला की बाहेर. पण संध्याकाळी वसतिगृहात बघायला कुणी नसायचं. प्रत्येक पोरगं घरून आपापल्या खुणा घेऊन आलेलं. भाकरीची प्रत्येकाची खूण वेगळी. कुणी थापून दाखवायचं, कुणी मोडून, कुणी नुसता गोल. पहिले काही दिवस त्यावरून मारामाऱ्या झाल्या. मग ज्याची खूण सोपी ती टिकली. "मोडायची टिकली," तो म्हणाला, "कारण थापायला दोन्ही हात लागतात. एका हातात ताटली असते."

आणि रविवार? रविवारी लिंबाखाली न्हावी यायचा. आधी तेव्हाच्या अधीक्षकांची मिशी कोरायचा, मग सगळ्या पोरांचे केस. पोरं सकाळी उठून खिडकीतून बघायची. अधीक्षक खुर्चीत बसून मिशी कोरून घेताना दिसले की आज शाळा नाही. "आज मिशी," एकाने म्हटलं. झालं, तेव्हापासून रविवार म्हणजे मिशी.

"मुलीसुद्धा अजून तसंच म्हणतात," मी सांगितलं.

त्याला खरं वाटेना. त्याने तीनदा विचारलं, मुली? मुली मिशी म्हणतात? मग तो इतका हसला की शेजारचा रसवंतीवाला बघायला आला.

निघताना त्यानेच मला विचारलं, "आणि हे?" डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसल्यासारखं त्याने केलं. ती आमची 'तपासणी'ची खूण. म्हटलं, तीही आहे. त्यांच्या वेळी एक अधिकारी जीपमधून यायचे आणि धुळीने माखलेला चष्मा पुसल्याशिवाय कशाकडेच बघायचे नाहीत, तेव्हाची ती. परतीच्या एसटीत मला आठवलं, समितीची गाडी फाटकात शिरली तेव्हा व्हरांड्यातली झाडून सगळी पोरं हवेतले चष्मे पुसत होती. समितीला ते काय वाटलं असेल कोण जाणे.

मी अपील लिहिलं आणि सरांपुढे ठेवलं. सरांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"मॅडम, हे अपील हाय का कबुलीजबाब? 'आमच्या खुणा प्रमाणित नाहीत' हे तुम्ही आपणहून लिहून राह्यले."

"नाहीतच त्या, सर."

"मंग काय राह्यलं?"

"समितीने दोन वाक्यं लिहिलीत. पहिलं बरोबर आहे, फक्त 'मनाने' हा शब्द सोडून. या खुणा एकट्यादुकट्याने केलेल्या नाहीत. पोरांनी पोरांना देत देत इथपर्यंत आणल्यात. दुसरं वाक्य चूक आहे. मुलं काय बोलतात हे त्या दिवशी कुणाला कळलंच नाही, तर भाषा वाढली की नाही हे कसं ठरवलं?"

"आणि हे शेवटचं? 'प्रमाणित भाषा शिकवण्याची सोय शाळेत नाही, ती करायला हवी'? हे कशाला स्वतःच्या हातानं?"

"बदनापूरची मुलगी म्हणाली म्हणून."

सरांनी खिशातला पेन चाचपला. मग म्हणाले, "मी नोकरीला लागलो तवा हात हलवणाऱ्या पोराला वर्गाबाहेर उभं करायचो. तसा नियमच होता." एवढं बोलून त्यांनी सही केली. 

सुनावणी विभागीय कार्यालयात होती. सर, मी, आणि बदनापूरला गाडीत चढलेली आमची विद्यार्थिनी, असे आम्ही तिघं गेलो. बाहेर बाकावर बसून वाट बघताना ती शिपायाच्या चालण्याची नक्कल करून मला हसवत होती, आणि सर सारखे खुणेनं सांगत होते, गप, गप.

अपील ऐकणारे अधिकारी वयाने सरांपेक्षा लहान होते. त्यांनी फाइल उघडून सरळ विचारलं, "या खुणा प्रमाणित आहेत का?"

"नाहीत," मी म्हटलं.

"मग निष्कर्ष बरोबर आहे."

"पहिला. दुसरा नाही, साहेब." आणि मी त्या मुलीची रविवारची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. भाऊ, मोबाइल, एसटी, रस्त्यात राहिलेली चप्पल. "एवढं सगळं तिने सांगितलं. अहवालात ते आलं नाही, कारण ते कुणी मराठीत सांगितलंच नाही."

त्यांनी आमच्या विद्यार्थिनीकडे पाहिलं. "यांना विचारा, भाषा शाळेत शिकलात का?"

मी विचारलं. तिने उत्तर दिलं.  सरांना ते आधीच कळलं होतं, ते खोकले. पण दुभाषी म्हणून बसल्यावर बदलून कसं सांगायचं?

"त्या म्हणतात, शाळेत नाही. वसतिगृहात."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवला. "म्हणजे?"

मग ती सांगत गेली आणि मी बोलत गेले. संध्याकाळी मोठ्या मुली लहान मुलींच्या वेण्या घालायच्या, आरशात बघून बोलायच्या, कारण हात केसांत आणि लहान मुलगी पाठमोरी. आरशातून चेहऱ्यानेच कसं बोलायचं, हे ती तिथं शिकली होती. हे मलाही नवीन होतं. "मग शाळेत काय शिकलात?" त्यांनी विचारलं. "वाचायला," ती म्हणाली. "म्हणून अहवाल वाचता आला."

अधिकारी हसले नाहीत, पण त्यांनी पुढचे दोन-तीन प्रश्न फाइलकडे न बघता विचारले. शेवटी आदेश दिला: या मुद्द्याची फेरतपासणी करावी, आणि ती करणारी व्यक्ती स्वतः सांकेतिक भाषेत बोलणारी असावी.

थंडी पडली तेव्हा फेरतपासणी झाली. एक तरुण आला, सांकेतिक भाषेचा शिक्षक, स्वतः कर्णबधिर, सोबत दुभाषी. पोरांनी नेहमीप्रमाणे हवेतले चष्मे पुसले. समितीतल्या कुणीही न विचारलेला प्रश्न त्याने फाटकातच विचारला, "हे काय?"

पोरांचं लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीकडं होतं. तपासायला आलेला साहेब, आणि बहिरा? एका पोराने त्याच्या दोन्ही कानांमागं डोकावून बघितलं, ऐकायचं यंत्र आहे का. "खरंच बहिरा?" "खरंच." "मग साहेब कसा झाला?" तपासणी सुरू व्हायला यातच उशीर झाला. पहिला काही वेळ दोन्हीकडून अडखळत चाललं. तो एक खूण करायचा, पोरं दुसरी करून दाखवायची, तो मान डोलवायचा. चहा येईपर्यंत माझ्या मदतीची गरज उरली नव्हती.

त्याची परीक्षा मला फार आवडली. एका मुलाला त्याने मोबाइलवर छोटी फिल्म दाखवली. त्या मुलाने ती न बघितलेल्या मुलीला सांगायची, आणि मुलीने साहेबाला. फिल्ममधला म्हातारा बाकावर छत्री विसरतो, ती कुत्रं पळवतं, असं काहीतरी होतं. मुलीने सगळं क्रमाने सांगितलं, कुत्र्याच्या तोंडातली छत्री दारात आडवी अडकते तेही. साहेब टाळी वाजवायच्या ऐवजी दोन्ही हात वर करून हलवत होता. तशी टाळी पोरांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली आणि नंतर आठवडाभर प्रत्येक गोष्टीला वाजवली.

मग त्याने रविवारचं विचारलं. "मोठ्या मुलींनी शिकवलं," वर्गातून उत्तर आलं. मी पुढं होऊन लिंबाखालच्या न्हाव्याची गोष्ट सांगितली. पोरांना ती कुणीच कधी सांगितलेली नव्हती. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, मुलं उगाच ताठ बसली. एका लहानग्याने विचारलं, "तो न्हावी आता कुठंय?" मला माहीत नव्हतं.

निकाल पुढे कधीतरी टपालाने आला. आमचा मुद्दा बदलला होता: 'विद्यार्थ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या विकसित झालेली स्थानिक सांकेतिक भाषा आढळते. आशय क्रमाने व पूर्ण मांडता येतो. प्रमाणित सांकेतिक भाषेचे अध्यापन तातडीने सुरू करावे.' पहिलीच्या प्रवेशावरची बंदी उठली. श्रेणी मात्र 'क'च राहिली, कारण श्रवणचाचणीच्या खोलीत ट्रकचा आवाज अजून येतच होता.

"निम्मं जिंकलो," सर म्हणाले. तोंड पडलं होतं त्यांचं. त्यांना 'ब' हवी होती. पण 'पिढ्यान्‌पिढ्या' हा शब्द त्यांनी दुसऱ्यांदा मोठ्याने वाचला.

आता दर शनिवारी बदनापूरहून आमची विद्यार्थिनी येते आणि प्रमाणित भाषा शिकवते, आधी मुलांना, मग आम्हाला. मुलं भराभर शिकतात. बाहेरचं कुणी आलं की बाहेरची खूण, आपसात आपली. आम्ही शिक्षक मागं राहतो. सरांची बोटं वळत नाहीत, त्यावरून ती त्यांना रागावते आणि सर ऐकून घेतात.

जूनमध्ये पहिलीत वडीगोद्रीकडचं एक पोरगं दाखल झालं. आई-बापाशी बोलायच्या घरच्या चार खुणा सोडल्या तर त्याच्याजवळ काही नव्हतं. त्यातली एक मला कळेना: मान एका खांद्यावर टाकायची आणि डोळे अर्धे मिटायचे. मोठ्या मुलींना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हती. आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, दारातली म्हैस दुपारी अशी मान टाकून बसती. कंटाळा आला की तो तसं करतो. पाऊस लागेपर्यंत अर्ध्या वसतिगृहाने कंटाळ्याची जुनी खूण सोडून ही घेतली होती.

मला ती अजून नीट जमत नाही. मान जास्त टाकली की तिचा अर्थ 'झोप' होतो, असं त्याने मला दोनदा दुरुस्त करून सांगितलंय.